१९४९ची एमजी टीसी घरी दुरुस्त करताना : नटबोल्ट आणि लाकडी सांगाडा

प्रश्न (जुळे सोलापूर) : आजोबांच्या काळापासून पत्र्याच्या शेडमध्ये पडून असलेली एमजी टीसी ही जुनी ब्रिटिश मोटार मी घरीच उभी करत आहे. १२५० सीसीच्या इंजिनातील काही बोल्ट तुटले असून बाजारातले ८ मिमीचे नवे बोल्ट दोन आटे फिरून अडकतात. पत्र्याखालचे लाकूडही भुसभुशीत झाले आहे. काय करावे?

उत्तर १ : बोल्ट मुळीच दाबून बसवू नका. हे एक्सपीएजी इंजिन इंग्लंडमधील कव्हेंट्रीच्या ज्या इंजिन-कंपनीने घडवले, ती आधी हॉचकिस या फ्रेंच कंपनीची होती. त्यामुळे आटे मेट्रिक, पण ८ मिमी बोल्टला १ मिमी पिच (दोन आट्यांमधले अंतर), आणि बोल्टचे डोके मात्र व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश इंची मापाचे, असा विचित्र संसार तेथे आहे. बाजारातला ८ मिमी बोल्ट १.२५ पिचचा असतो. व्हिटवर्थ पाने आपल्याकडच्या निवृत्त गिरणी फिटरकडे विचारून पाहा.

उत्तर २ : मूळ सांगाडा ॲश या युरोपीय झाडाच्या लाकडाचा असतो. साग टिकाऊ असला तरी ॲशइतका लवचिक नाही. तरीही मी सागच वापरला, आणि सोलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो म्हणून लाकूड पूर्ण वाळल्यावरच सांधे जोडले. दरवाजांची फट जुळल्याशिवाय पत्रा ठोकू नका.

प्रश्नकर्ता : आभारी आहे, काका. बॅटरीबद्दल?

उत्तर १ : मूळ जोडणीत धन टोक चासीला असते. उलट जोडण्यापूर्वी वायरिंग तपासा.