पू नाही म्हणून संसर्ग नाही, असं समजू नका
केमो चालू असलेल्या रुग्णाच्या मांडीवरच्या लाल डागात पू नाही, म्हणून दोन दिवस मलम लावून बघा, असा सल्ला काही जण देतात. कृपया तसं करू नका. पू मुख्यतः न्यूट्रोफिल म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींपासून बनतो. केमोमुळे त्यांची संख्या रक्ताच्या दर मायक्रोलिटरला 500 च्या खाली गेली असेल तर पू धरायचा कुठून? सूजही बेताचीच दिसते.

सगळ्यात भीती स्यूडोमोनासची. हे जंतू त्वचेतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरतात, रक्तपुरवठा तुटतो आणि लाल डागाचा फोड, फोडाची काळी खपली व्हायला एक दिवसही पुरतो. नेहमीचं अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेट यावर चालत नाही. सेफेपिम, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम यांसारखं औषध शिरेतून लागतं.

ताप एकदाही 38.3 अंश सेल्सिअस झाला किंवा तासभर 38 राहिला तर थेट इमर्जन्सी विभाग गाठा. अँटिबायोटिकचा पहिला डोस तासाभरात जायला हवा. त्याआधी दोन जागांहून ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी), पण त्यापायी डोस लांबवायचा नाही. परस्पर पॅरासिटामॉल घेऊ नका, ताप झाकला जातो. स्टेरॉइड चालू असेल तर ताप येईलच असंही नाही.

बायोप्सीत, म्हणजे तपासणीसाठी डागाचा तुकडा काढताना, एक चूक फार होते: सगळा तुकडा फॉर्मालिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या रसायनात) टाकतात. त्यात जंतू मरतात, कल्चर वाया जातं. कल्चरसाठी दुसरा तुकडा निर्जंतुक सलाईनमध्येच हवा.

डागाची कड पेनाने आखून वेळ लिहा. दिसतं त्यापेक्षा वेदना कितीतरी जास्त असेल तर लगेच सर्जनला दाखवा, स्कॅनसाठी थांबू नका.