मदत हवी आहे: ४३/१५० नंबरचं लिथोग्राफ घ्यावं का? शनिवारपर्यंत कळवायचंय

अनुजा_के:
एका गॅलरीत एक प्रिंट बघून आले, फार आवडलंय. खाली पेन्सिलने ४३/१५०, म्हणजे १५० प्रतींतला ४३ नंबर, आणि सही आहे, सोबत सर्टिफिकेट देणार आहेत. लिमिटेड एडिशन लिथोग्राफ आहे, किंमत वाढतच जाते असं म्हणाले. शनिवारपर्यंत हो-नाही सांगायचंय, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणे. किंमत योग्य आहे का आणि ४३ हा नंबर चांगला का, एवढंच सांगा. नेटवर वाचून डोकं भंजाळलंय.

शिळाछाप:
किंमत लिहिलीच नाहीत. चित्रकार कोण, हयात आहेत का? आकार केवढा? कागद कुठला? फ्रेममध्ये आहे की सुटं?

अनुजा_के:
३८ हजार. चित्रकार हयात आहेत, नाव इथे टाकत नाही. फ्रेममध्ये आहे. बनारसचा घाट आहे, तैलरंगातलं चित्र. आकार मोजला नाही. साधारण दोन फूट बाय दीड फूट.

गिरगावकर:
लिथोग्राफ म्हटलं की मला आमच्या गिरगावाचा अभिमान वाटतो. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये छापखाना इथेच काढला. शकुंतलाजन्माचं चित्र तिथलं पहिलं. पुढे घाटकोपर, मग लोणावळ्याजवळ मळवली. फ्रिट्झ श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. दादासाहेब फाळक्यांनीही तिथे काम केलं होतं. १९७२ च्या आगीत सगळं गेलं. ती चित्रं हजारांनी छापली, नंबर एकावरही नाही, तरी आज लोक शोधत फिरतात. तेव्हा ताई, नंबराच्या नादी लागू नका.

शिळाछाप:
गिरगावकर, माहिती छान, पण अनुजाताईंना शनिवारपर्यंत उत्तर हवंय. ताई, तैलरंगातलं चित्र आणि लिथोग्राफ, दोन्ही कसं?

अनुजा_के:
अहो, मूळ चित्र तैलरंगातलं. त्याचं हे लिथोग्राफ. हे सांगायला हवं होतं का?

शिळाछाप:
हेच तर सगळ्यात आधी सांगायला हवं. शिळाछापात, म्हणजे लिथोग्राफीत, चित्रकार चुनखडीच्या घोटलेल्या दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने स्वतः चित्र काढतो. दगडावर रासायनिक प्रक्रिया करून तो ओला ठेवतात. पाणी कोऱ्या जागेवर राहतं, तेलकट शाई चित्रावरच बसते. प्रत्येक रंगाला बहुधा वेगळा दगड, आणि सगळे रंग एकमेकांवर नेमके बसवायचे. ते चित्र दगडासाठीच जन्माला येतं, त्याचं दुसरं कुठलं 'मूळ' नसतं. भिंतीवरच्या तैलचित्राचा फोटो काढून छापला, तर ती प्रतिकृती झाली. प्रतिकृती घेऊ नये असं नाही, पण मग ३८ हजार कशाचे?

तांब्याचा_पत्रा:
नंबराचं मी सांगतो, एचिंग करतो, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने चित्र कोरून छापतो. ड्रायपॉइंटमध्ये आम्ल नसतं, नुसती सुई पत्र्यावर ओढली की रेघेच्या कडेला बारीक कोर उभी राहते. शाई तिच्यात अडकते म्हणून रेघ मखमली दिसते. प्रेसच्या दाबाखाली ती कोर लवकर बसते, आणि काही डझन छापांनंतर रेघ फिकी पडू लागते. तिथे सुरुवातीच्या प्रतीला खरंच मोल आहे. सेरीग्राफ (जाळीच्या पडद्यातून शाई दाबून केलेला छाप) किंवा लिथोमध्ये १ आणि १४३ यांत फरक शोधून सापडणार नाही. शिवाय नंबर छापल्याच्या क्रमानेच टाकतात असंही नाही, कागद वाळल्यावर गठ्ठ्यातून हाताला येईल तसे टाकतात. ४३ चांगलाही नाही, वाईटही नाही.
माझं मत विचाराल तर एचिंगच घ्या. पत्र्याच्या कडेचा दाबलेला चौकोन कागदावर उमटतो, बोट फिरवलं तरी लागतो. आपले चित्रकार कृष्णा रेड्डी यांनी पॅरिसच्या अतेलिए १७ या छापचित्रांच्या कार्यशाळेत एकाच पत्र्यावर पातळ-घट्ट शाया वापरून कितीतरी रंग एका छापात आणले. ती कामं समोर उभं राहून बघा.

पिगमेंट:
डिजिटल प्रिंट काढायचा माझा धंदा आहे, म्हणून सांगतो. प्रतिकृती म्हणजे कमी दर्जा, हा सूर बरोबर नाही. शंभर टक्के सुती कागद, पिगमेंट शाई, चित्रकाराने स्वतः तपासलेले रंग, असं प्रिंट काही हाताने छापलेल्या कामांपेक्षाही जास्त टिकतं. तंत्र काय वापरलंय ते खरं सांगितलं की झालं.

शिळाछाप:
टिकण्याबद्दल वाद नाहीच. पण दगड घासून टाकला की चित्र संपलं, पत्र्यावर चरे ओढून तो रद्द करता येतो. संगणकातली फाइल रद्द केली हे कुणी कुणाला दाखवायचं? तिथे १५० हा आकडा फक्त शब्दावर उभा असतो.

पिगमेंट:
दगड-पत्र्याच्या बाबतीत तरी शब्दच असतो की! डच चित्रकार रेम्ब्रांट १६६९ मध्ये वारला, त्याच्या पत्र्यांवरून नंतरही किती वर्षं प्रती काढत होते. स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालींनी कोऱ्या कागदांवर सह्या करून दिल्या, त्याचा केवढा घोटाळा झाला. प्रश्न तंत्राचा नाही, माणसांच्या सचोटीचा आहे.

कोकणी_पाऊस:
फ्रेमचं कुणीच बोलत नाही. आमच्या रत्नागिरीत पावसाळ्यात कागदावर तपकिरी ठिपके पडतात ते वाईट माउंटमुळे, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीमुळे. काच कागदाला टेकता कामा नये, मध्ये आम्लरहित माउंट हवा. मागे साधा पुठ्ठा आणि सेलोटेप नको. लॅमिनेशन तर अजिबात नको. आणि ओलीच्या भिंतीवर टांगू नका.

अनुजा_के:
अजून घेतलंच नाही हो, फ्रेमचं नंतर. ओळखायचं कसं ते सांगा.

शिळाछाप:
सोनारांकडे असतं तसं १० पटीचं भिंग घ्या. फ्रेम उघडून दाखवायला सांगा. नाही म्हणाले तर तिथेच थांबा. आकाशासारखा फिका भाग बघा. हाताच्या लिथोत खडूचा दाणा दिसतो, वेडावाकडा, दोन जागी एकसारखा नाही. सेरीग्राफमध्ये सपाट, जाड थर, कडेला किंचित उंचवटा. इंकजेटमध्ये फवाऱ्यासारखे विखुरलेले बारीक कण. ऑफसेटमध्ये, म्हणजे मशीनच्या छपाईत, निळे, किरमिजी, पिवळे, काळे ठिपके ओळीने बसून त्यांची छोटी फुलं झालेली दिसतात. मग सही तिरप्या उजेडात बघा. पेन्सिल चमकते आणि कागद किंचित दबतो. छापलेल्या सहीत पुन्हा ठिपकेच.

अनुजा_के:
दुपारी जाऊन आले. भिंग मैत्रिणीच्या नवऱ्याच्या पेढीतून नेलं. फ्रेम उघडली त्यांनी, कुरकुर न करता. सही खरी आहे, चमकते. पण आकाशात फुलंच फुलं! चार रंगांचे ठिपके, ओळीने.

शिळाछाप:
ऑफसेट. लग्नपत्रिका आणि कॅलेंडरं छापतात तीच पद्धत.

पिगमेंट:
नावापुरतं तेही लिथोग्राफच, ऑफसेट हे त्याच तत्त्वावर चालतं. विकणारा खोटं बोलला असं म्हणता येणार नाही.

तांब्याचा_पत्रा:
खोटं नसेल, पण अर्धं सांगितलं. हातछापाची किंमत लावून मशीनचा कागद द्यायचा असेल तर 'ऑफसेट' हा शब्द सर्टिफिकेटवर हवाच. गिऱ्हाइकाने भिंग घेऊन जायची वेळ का यावी?

शिळाछाप:
अनुजाताई, आता तीनच गोष्टी विचारा, आणि लेखी मागा. छपाईची पद्धत कुठली, कागद कुठला? याच चित्राच्या दुसऱ्या आकारात किंवा कॅनव्हासवर आणखी एडिशन आहेत का? १५० शिवाय चित्रकाराच्या स्वतःच्या प्रती किती? त्या साधारण १० टक्क्यांपर्यंत असतात, त्यावर ए.पी. (आर्टिस्ट्स प्रूफ) लिहितात. उत्तरं आली की किंमत आपोआप कळेल.

अनुजा_के:
विचारलं. पद्धत सर्टिफिकेटवर लिहून देत नाहीत म्हणाले, 'तशी प्रथा नाही'. हेच चित्र मोठ्या आकारात १५० आणि कॅनव्हासवर १५० आहे. म्हणजे ४५० झाली. ए.पी.चं उत्तर नाही. मी नको म्हणून कळवलं. चित्र अजूनही आवडतंय, पण या किमतीला नाही. याच पैशांत हाताने छापलेलं काही मिळेल का?

तांब्याचा_पत्रा:
नक्की मिळेल, आणि पैसे उरतील. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या वार्षिक प्रदर्शनात विद्यार्थ्यांची मुद्राचित्रं, म्हणजे हाताने छापलेली चित्रं, लागतात. आवडलं तर विकत मिळेल का तिथेच विचारा, करणारा मुलगा किंवा मुलगी समोर उभी असते. प्रत कशी काढली ते तिच्याच तोंडून ऐका.

पिगमेंट:
आणि त्या चित्रकाराचंच काम हवं असेल तर थेट त्यांना पत्र लिहा. हाताने काढलेलं लहानसं स्केचही ३८ हजारांच्या आत बसू शकतं.

गिरगावकर:
माझ्या मावशीकडे एक सरस्वती आहे, खाली 'रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा' छापलंय. वरचं वार्निश पिवळं पडलंय. ओल्या फडक्याने पुसलं तर चालेल का?

कोकणी_पाऊस:
मुळीच नको! पाणी लागलं की कागद फुगेल आणि वार्निश पांढरं पडेल. कागदाचं काम करणाऱ्या संवर्धकाला दाखवा. तोवर मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा, तीही कागद कुठे सुटलेला नसेल तरच.