तगड्या मशीनवर जुने गेम लंगडे का निघतात? हार्डवेअरला दोष देणं बंद करा

सिडकोचा_मुस्तफा:
जुना गेम नव्या मशीनवर आणला आणि बेकार निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "झेपलं नसेल रे हार्डवेअरला". मला हे कधीच पटलं नाही. जे पोर्ट (म्हणजे एका मशीनचा गेम दुसऱ्या मशीनवर आणलेली आवृत्ती) सगळ्यात जास्त डोक्यात जातात ते बघा, त्यातले कितीतरी मूळपेक्षा तगड्या मशीनवरचे निघतील.

सॉनिक घ्या. पहिला गेम १९९१ चा, सेगा मेगा ड्राइव्हवरचा, प्रोसेसर साडेसात मेगाहर्ट्झच्या आसपास. २००६ ला १५ व्या वाढदिवसाला तोच गेम गेम बॉय ॲडव्हान्सवर (जीबीए, हातातलं छोटं मशीन) आला, त्याचा प्रोसेसर १६.७८ मेगाहर्ट्झ. म्हणजे डबलपेक्षा जास्त. आणि तरी जो गेम वेगासाठीच ओळखला जातो तो रांगतोय, गाणी बेसूर, आणि मूळ ३२०x२२४ चं चित्र २४०x१६० मध्ये कापून बसवलंय त्यामुळे समोर काटे आलेत हे काटे लागल्यावरच कळतं. नंतर सायमन थॉमली नावाच्या माणसाने (स्टेल्थ म्हणतात त्याला, पुढे हाच सॉनिक मेनिया या सेगाच्या गेमवर कामाला होता) घरी बसून त्याच जीबीएवर नमुना बनवला आणि तो नीट पळतोय. आता बोला, मशीनचा काय दोष?

दुसरं म्हणजे २०१८ चा प्लेस्टेशन क्लासिक, जुने २० गेम आत भरून विकलेली छोटी डबी. आपल्या नाशकात तासावर पैसे देऊन टेक्केन ३ खेळलेली अख्खी पिढी आहे म्हणून हे जास्त लागतं. मूळ प्लेस्टेशन ३४ मेगाहर्ट्झच्या आतबाहेर, नव्या डबीत चार कोरचा दीड गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, आणि त्यात २० पैकी ९ गेम युरोपातल्या टीव्हीसाठीचं पाल व्हर्जन टाकलं, ५० हर्ट्झवालं, म्हणजे चित्र सेकंदाला ६० ऐवजी ५० वेळाच बदलणार. त्यात टेक्केन ३ पण. फायटिंग गेम ६० ऐवजी ५० वर! हा निव्वळ आळस आहे, दुसरं काही नाही.

गंगापूररोड_डेव्ह:
भावा, मेगाहर्ट्झ तराजूत तोलायचे नसतात. मेगा ड्राइव्हमध्ये आवाजासाठी यामाहाची वेगळी एफएम चिप आहे आणि ती हाकायला वेगळा झेड८० प्रोसेसर. जीबीएत एफएम चिपच नाही, जुन्या गेम बॉयचे चार चॅनल आणि दोन डिजिटल चॅनल, गाणी मिक्स करायचं काम मेन प्रोसेसरच्याच डोक्यावर. त्यामुळे "डबल तगडं" हे कागदावर. तो पोर्ट घाण आहे हे मान्यच, कोण नाही म्हणतंय, पण "तगड्या मशीनवर वाईट पोर्ट" ही तुझी मांडणीच कच्ची आहे.

डूम या गोळीबाराच्या गेमचं पण असंच सांगतात लोक, "३२ बिट थ्रीडीओ कन्सोलवर रडत चालतो आणि १६ बिट सुपर निन्टेंडोवर चालतो". अरे पण सुपर निन्टेंडोच्या कॅसेटमध्येच सुपर एफएक्स २ चिप बसवली होती, २१ मेगाहर्ट्झची. थ्रीडीओचा प्रोसेसर साडेबारा. मग कमकुवत कोण? आणि एवढं करून सुपर निन्टेंडोच्या डूममध्ये फरशीला न् छताला टेक्स्चरच (वर चिकटवलेली नक्षी) नाही, सपाट रंग.

सिडकोचा_मुस्तफा:
@गंगापूररोड_डेव्ह चिप वेगळी, चॅनल वेगळे, सगळं कबूल, मग स्टेल्थला त्याच चार न् दोन चॅनलमध्ये कसं जमलं ते सांग ना. तिथे तू गप्प.

निशाचर_नाशिकरोड:
थ्रीडीओ डूमवरून आळसाचा मुद्दा काढणार असाल तर थांबा जरा. तो पोर्ट रिबेका हाइनमन यांनी जवळपास एकटीने दहा आठवड्यांत केला. पब्लिशरला वाटत होतं की जुना कोड नव्या मशीनवर ओतला की गेम तयार. दहा आठवड्यात अख्खा डूम! हा आळस आहे का? त्याच व्हर्जनची गाणी खऱ्या बँडकडून वाजवून घेतलेली, आजही लोक म्हणतात डूमचं सगळ्यात भारी संगीत तिथलं. नंतर त्यांनी सोर्स कोड पण उघडा केला, जाऊन वाचा कुणालाही. ज्याने तारीख ठरवली त्याला शिव्या घाला, ज्याने रात्री जागवल्या त्याला नको.

सेगा सॅटर्न कन्सोलवरच्या डूमची तर वेगळीच गंमत. जिम बॅगलीने सॅटर्नच्या ग्राफिक्स हार्डवेअरवर चालणारं इंजिन बनवलं होतं, ते मूळ डूमचा प्रोग्रामर जॉन कारमॅकने नको म्हटलं कारण टेक्स्चर वेडेवाकडे हलायचे. मग सगळं प्रोसेसरवर काढायला लावलं आणि गेम धापा टाकायला लागला. नंतर कारमॅकच म्हणाला की प्रयोग करू द्यायला हवा होता. इथे हार्डवेअर पण होतं, जमणारा माणूस पण होता.

कॅनडाकॉर्नरची:
तुम्ही सगळे कन्सोलवाले. आमच्यासाठी गेम म्हणजे सायबर कॅफेतला जीटीए व्हाइस सिटी, बाकी सगळं नंतर 😄 मूळ पीसी व्हर्जनला ८०० मेगाहर्ट्झचा पेंटियम ३ आणि १२८ एमबी रॅम पुरायची. २०२१ च्या नोव्हेंबरात व्हाइस सिटी धरून तीन जुन्या जीटीए गेमची डेफिनिटिव्ह एडिशन आली आणि पाऊस पडला की रस्ताच दिसेना, माणसांचे चेहरे मेणाचे. डोनटच्या दुकानावर मूळ गेममध्ये षटकोनी लोखंडी नट आहे, दुकानाचं नावच त्यावरून, तो यांनी गोल करून टाकला!! म्हणजे चित्र मोठं करताना कुणी बघितलंच नाही. सॅन अँड्रियासमधलं धुकं काढून टाकलं तर पांडवलेण्याच्या डोंगरावर उभं राहून थेट कसारा घाट दिसावा तसा अख्खा नकाशा दिसायला लागला, गेम एवढुसा वाटतो. शेवटी कंपनीला माफी मागावी लागली आणि पीसीवर जुनी व्हर्जन परत दुकानात ठेवू म्हणावं लागलं. नवं विकायला जुनं काढलं होतं ना आधी.

मेगाहर्ट्झवाल्या दादा, इथे कुठली चिप कमी पडली?

गंगापूररोड_डेव्ह:
ताई इथे चिप नाही, पाया चुकला. तो पोर्ट मोबाइल व्हर्जनवर उभा केला होता, म्हणजे एकदा कापलेल्या मालावर परत रंग. आणि धुक्याबद्दल म्हणाल तर मूळ गेममध्ये ते प्लेस्टेशन २ ची ३२ एमबी रॅम वाचवायला होतं, लांबचं काढायला परवडत नव्हतं म्हणून झाकलेलं. मशीन मोठं झाल्यावर कुणीतरी म्हणणारच ना की आता कशाला हवं.

सिडकोचा_मुस्तफा:
हेच तर म्हणतोय मी! कुणीतरी म्हणालं आणि कुणी खेळून बघितलं नाही. सायलेंट हिलचं २०१२ चं एचडी कलेक्शन आठवा, ते तर भुताचं धुक्यातलं गाव, तिथलंही धुकं विरळ. तिथे कारण असं सांगितलं की गेमच्या कंपनीकडे, कोनामीकडे, फायनल कोडच शिल्लक नव्हता, अर्धवट कोडवरून काम केलं. ठीक आहे, कोड नव्हता, पण बाजारातली डिस्क लावून शेजारी बघता येत होतं की नाही?

मारिओचंच बघा. १९९३ च्या सुपर मारिओ ऑल-स्टार्समध्ये वीट फुटली तरी मारिओ वरच जात राहतो. जुन्यात वीट फुटली की डोकं आपटून लगेच खाली यायचा. सुपर निन्टेंडो कैकपट भारी आणि वीट चुकली.

द्राक्षबाग_८बिट:
विटेवरून भांडणारे लोक मी पहिल्यांदा बघतोय भो 😂 आपण ज्या मशीनवर मारिओ खेळलो ती मुळात नकली, कॅसेटवर ९९९९ गेम लिहिलेले आणि आत तेच तेच फिरून फिरून. तेव्हा कुणाला फ्रेम मोजायच्या होत्या? अर्धी तक्रार गेमची नसून आपलं वय झाल्याची आहे.

आणि सगळ्यात प्रामाणिक पोर्ट "मुस्तफा" गेमचा (आपल्याकडे कॅडिलॅक्स अँड डायनासोर्सला हेच म्हणायचे), कारण तो आलाच नाही! कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स १९९३ ला कॅपकॉमने आर्केडला काढला, तो मूळ एका कॉमिकवरचा, घरच्या कन्सोलवर कधी उतरलाच नाही. सेगा सीडीवर त्या नावाने आला तो गाडी चालवायचा वेगळाच गेम.

सिडकोचा_मुस्तफा:
@द्राक्षबाग_८बिट वयाचं म्हणतोस तर एम२ या पोर्ट करणाऱ्या कंपनीने निन्टेंडोच्या थ्रीडीएसवर केलेला सेगाचा आउट रन खेळ. १९८६ चा आर्केड गेम, आणि यांनी तो सेकंदाला ६० फ्रेमवर नेला, मूळपेक्षा गुळगुळीत. तो खेळताना माझं वय मध्ये येत नाही. जमतं, फक्त करणाऱ्याला मूळ गेम माहीत पाहिजे.

निशाचर_नाशिकरोड:
आणि सेगाने वेळ दिला पाहिजे, हे परत गाळलंस. दहा आठवडे दिले असते तर एम२ ने पण रांगणारा सॉनिकच दिला असता.

सिडकोचा_मुस्तफा:
वेळ कमी होता तर किंमत पण कमी लावायची होती. डबीवर कुठे लिहिलेलं असतं "घाईत केलाय"?