गिझर लावला की आरसीसीबी पडतो, एमसीबी मात्र शांत

प्रश्न: गिझर चालू केला की थोड्या वेळात आरसीसीबी (करंटची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) पडतो, एमसीबीला काहीच होत नाही. वायरमन म्हणतोय आरसीसीबी काढूनच टाका, एमसीबी पुरे, नाहीतर ३० ऐवजी १०० मिलिअँपचा बसवतो. काय करू?

उत्तर १: अजिबात काढू नका हो! एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्टसाठी, माणसाला शॉक बसला तर त्याला पत्ताही लागत नाही कारण अंगातून जाणारा करंट त्याच्या हिशेबाने किरकोळच. आरसीसीबी काय करतो, फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परत आला का ते बघतो, ३० मिलिअँपचा फरक पडला की सेकंदभराच्या आत लाइन तोडतो. १०० वाला आगीसाठी ठीक, शॉकसाठी नाही.

उत्तर २: एलिमेंट गळतंय बहुतेक, कवचाला बारीक चीर गेली की ओल आत जाते. सप्लाय पूर्ण बंद करून एलिमेंटचं टोक आणि बॉडी यांच्यात मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारं मीटर) लावायला सांगा, साध्या मल्टीमीटरवर कधीकधी सगळं छानच दिसतं.

उत्तर ३: अर्थिंगही चेक करा. अर्थिंग असेल तर आरसीसीबी गळती होताच पडतो, नसेल तर कुणीतरी बॉडीला हात लावेपर्यंत गप्प. आणि एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल धरला तर आरसीसीबीला बिचाऱ्याला तो माणूस गिझरच वाटतो, पडतच नाही! त्याच्यावरचं टेस्टचं बटण दाबता का कधी?

प्रश्नकर्ता: आत्ता दाबलं, पडला लगेच. मेगरमध्ये एलिमेंटच गेलेलं निघालं, नवीन मागवलंय.