बिल विदर्स यांची एकच तबकडी घ्यायची असेल, तर कोणती घ्यावी?

भुसावळकर:
नमस्कार. माझे वडील रेल्वेत पाळीने कामाला जात आणि निघताना त्यांच्या हातात डबा असे. कदाचित म्हणूनच 'जस्ट ॲज आय ॲम' या 1971 सालच्या तबकडीचे मुखपृष्ठ पाहताना माझी नजर अमेरिकन गायक बिल विदर्स यांच्या चेहऱ्याआधी त्यांच्या हातातल्या डब्यावर गेली. विमानांतील शौचालयांची आसने बनवणाऱ्या कारखान्यात ते त्या वेळी नोकरीला होते आणि ते छायाचित्र जेवणाच्या सुट्टीत तिथेच काढलेले आहे. वेस्ट व्हर्जिनियातील स्लॅब फोर्क या कोळसा खाणीच्या गावी 1938 साली त्यांचा जन्म झाला. लहानपणी ते बोलताना अडखळत, पुढे 9 वर्षे नौदलात होते, आणि पहिली तबकडी निघाली ती तिशी उलटून गेल्यावर.

त्या तबकडीतले 'एन्ट नो सनशाइन' जेमतेम दोन मिनिटांचे आहे. मधल्या भागात 'आय नो' हे दोनच शब्द ते 26 वेळा म्हणतात. तिथे खरे तर पुढचे शब्द लिहायचे होते, परंतु निर्माते बुकर टी. जोन्स आणि सोबतचे मुरलेले वादक यांनी ते तसेच राहू द्यावे असे सांगितले. ती आवर्तने मी मोबाइलवर कितीतरी वेळा ऐकली आहेत आणि दर वेळी, आता याचा श्वास संपणार, असे वाटून माझाच श्वास अडकतो.

अलीकडेच जुना रेकॉर्ड प्लेयर दुरुस्त करून घेतला आहे. परदेशी तबकड्यांच्या किमती पाहता सध्या एकच घेता येईल. हीच घ्यावी की 1972 सालची 'स्टिल बिल'? जाणकारांनी कृपया सांगावे.

पेटीवाला, अमळनेर:
भाऊ, माझे मत निःसंशय 'स्टिल बिल'च्या बाजूने आहे. पहिल्या तबकडीत निर्मात्याचा हात दिसतो. दुसरीत विदर्स यांनी आपल्या मनासारखे वादक घेतले आणि जेम्स गॅडसन यांच्या ड्रमवर गाणी उभी केली. 'यूज मी' ऐकताना ड्रमचा ठेका मुद्दाम वेगळा काढून ऐकावा. तो कुठेही घाई करत नाही आणि तरीही बसल्या जागी मान डोलायला लागते.

याच तबकडीतले 'लीन ऑन मी' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. आमच्या भजनी मंडळात मी पेटी वाजवतो, म्हणून त्या गाण्याची सुरुवात एकदा पेटीवर लावून पाहिली. पांढरी एकचा सा धरला, तर सा सा रे ग म असे चढायचे आणि म ग रे सा असे उतरायचे, बस. एकही पट्टी ओलांडावी लागत नाही. नवीन घेतलेल्या पियानोवर नुसती बोटे वरखाली फिरवताना विदर्स यांना ही चाल सापडली होती, आणि शेजाऱ्याने शेजाऱ्याला आधार द्यावा ही गाण्यातली भावना स्लॅब फोर्कमधल्या माणसांच्या आठवणीतून आली. शिकाऊ मुलाला पहिल्या दिवशी देतो ते हे स्वर. त्यांतून इतके मोठे गाणे उभे करायला फार मोठा धीर लागतो, असे मी मनापासून मानतो.

धुळ्याची वाचक:
दोन्ही सल्ल्यांचा आदर ठेवून तिसरे नाव सुचवते. 6 ऑक्टोबर 1972 रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये झालेल्या विदर्स यांच्या मैफलीचे ध्वनिमुद्रण पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाले. 'ग्रँडमाज हँड्स' पहिल्या तबकडीतही आहे, परंतु इथे गाण्याआधी ते आजीविषयी बराच वेळ बोलतात आणि श्रोते हसत हसत ऐकत राहतात. लहानपणी अडखळणारा माणूस इतक्या मोठ्या सभागृहात किती मोकळा झाला आहे, हे त्यातून कळते. गाण्यातली आजी चर्चमध्ये टाळ्या वाजवते आणि तिचे हात दुखतात, सुजतात. माझी आजी मांडा दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत पसरवायची आणि अलगद खापरावर टाकायची. अक्षय्य तृतीयेला दुपारी तिचे हात आम्ही तेल लावून चोळत असू. हे गाणे लागले की मला तेच हात दिसतात.

अमळनेरच्या दादांनी वादकांविषयी लिहिले, म्हणून सांगते की इथेही गॅडसनच आहेत.

भुसावळकर:
दोघांचेही आभार. एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. 1977 मध्ये 'लव्हली डे'च्या शेवटी एकच स्वर सुमारे 18 सेकंद धरणारा गायक 1985 नंतर एकही नवी तबकडी काढत नाही, आणि 2020 मध्ये जाईपर्यंत त्या निर्णयावर ठाम राहतो, हे कसे?

पेटीवाला, अमळनेर:
त्यांची पहिली कंपनी बुडाली आणि नव्या कंपनीतल्या अधिकाऱ्यांशी त्यांचे पटले नाही. काय गावे हे दुसऱ्याने सांगावे, ही गोष्ट त्यांना सहन होणारी नव्हती. हाताने काम करून जगता येते हे गाण्याआधीच ठाऊक असलेल्या माणसाला गाणे सोडण्याची भीती वाटली नसावी, असे मला वाटते. 2015 साली गायक स्टीव्ही वंडर यांच्या हस्ते रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या संगीतकारांच्या मानाच्या यादीत त्यांचा समावेश झाला, तेव्हाही ते परत गायला लागले नाहीत.

भुसावळकर:
'स्टिल बिल' मागवली आहे. तबकडी येईपर्यंत आपण सांगितलेले सा सा रे ग म मुलीच्या पेटीवर बसवतो आहे. उतरताना ग वर बोट अजून रेंगाळते.