औषधाच्या दुकानात इनहेलरचा व्हिडिओ दाखवावा का?

प्रश्न: फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, 2015 नुसार रुग्णाचे समुपदेशन हे फार्मासिस्टचे कर्तव्य आहे; परंतु संध्याकाळच्या गर्दीत दम्याच्या रुग्णाला इनहेलर समजावून सांगायला सवड मिळत नाही. काउंटरवर छोटा स्क्रीन लावून मराठी व्हिडिओ दाखवल्यास उपयोग होईल का?

उत्तर 1: होईल, मात्र व्हिडिओ त्याच उपकरणाचा हवा. फवाऱ्याच्या इनहेलरमध्ये श्वास सावकाश आणि खोल घ्यायचा असतो, तर कोरड्या पावडरच्या इनहेलरमध्ये तो जोराने ओढावा लागतो; दोन्हींसाठी एकच चित्रफीत लावल्यास रुग्ण हमखास चुकीचे शिकेल.

उत्तर 2: नुसते दाखवून भागत नाही. औषध नसलेल्या नमुन्यावर कृती करून घ्यावी. मान डोलावणारे रुग्णही सुमारे 10 सेकंद श्वास रोखायचे विसरतात. स्टेरॉइड असल्यास नंतर चूळ भरण्यास आवर्जून सांगावे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. दोन स्वतंत्र चित्रफिती ठेवतो.