‘त्या काळाच्या मानाने’ हे शब्द जुन्या सिनेमाला लावायचे का?

रीळ

कोणताही जुना सिनेमा सुचवला की लोक पाहून येतात आणि सांगतात, ‘त्या काळाच्या मानाने छान आहे.’ मला हे वाक्य मनापासून खटकतं. ग्रेसचे मार्क देऊन पास केल्यासारखं वाटतं.

थरारपट असेल तर आज छातीत धडधडलं पाहिजे. विनोदी असेल तर आज हसू फुटलं पाहिजे. फँटसी असेल तर सगळं खोटं आहे हे ठाऊक असूनही डोळे विस्फारले पाहिजेत. हे होत नसेल तर तो सिनेमा अभ्यासाला ठेवावा, कुणाला सुचवू नये. आणि ज्या सिनेमांच्या बाबतीत आजही होतं, त्यांना काळाची सूट कशाला?

दिग्दर्शक फ्रिट्झ लांगचा ‘एम’ घ्या. साल १९३१. लहान मुलीचा खून होतो, पण खून दिसत नाही. आई जेवणाचं ताट मांडून वाट बघते, जिन्यात हाका मारते. मग झुडपातून मुलीचा चेंडू घरंगळत येतो आणि तिचा फुगा विजेच्या तारांत अडकून फडफडतो. बस, एवढंच. खुनी एक ठरावीक धून शिट्टीवर वाजवत असतो आणि पुढे एक आंधळा फुगेवाला ती शिट्टी ओळखतो. बोलपटाचं तंत्र नुकतं कुठे आलं होतं, आणि लांगने आवाजालाच साक्षीदार केलं. मी तिसऱ्यांदा पाहिला तेव्हाही त्या रिकाम्या ताटापाशी घसा दाटून आला. यात ‘त्या मानाने’ काय आहे?

मध्यंतर

नाही पटलं. तुम्ही नेमका थरारपट निवडलात, म्हणून बाजू भक्कम वाटते. फँटसीकडे या.

महाकाय वानराचा ‘किंग काँग’ (१९३३) मी माझ्या भाचीबरोबर पाहिला. वय वर्षं अकरा. काँगच्या अंगावरचे केस सतत हलत होते, तर तिने विचारलं, ‘वारा सुटलाय का?’ ती बाहुली एकेका फ्रेमसाठी हाताने हलवली जायची आणि दरवेळी बोटं लागून केस विस्कटायचे, म्हणून ते तसं दिसतं. हे समजावून सांगितल्यावर तिला गंमत वाटली, पण भीती गेली ती गेलीच.

१९९३ मध्ये संगणकावर घडवलेले डायनासोर घेऊन ‘जुरासिक पार्क’ आला आणि प्रेक्षकाचा डोळाच बदलला. त्या डोळ्याने आधीची फँटसी पाहायची तर सूट द्यावीच लागते. त्यात अपमान कसला? जुनं पत्र वाचताना आपण तेव्हाची भाषा समजून घेतोच ना?

शेवटची रांग

मध्यंतर, ‘जुरासिक पार्क’चंच उदाहरण तुमच्यावर उलटतं. पावसात गाडीवर चाल करून येणारा तो टी-रेक्स आठवा. त्यातल्या बऱ्याच शॉट्समध्ये संगणक नाहीच, पूर्ण आकाराचं यंत्र उभं केलेलं आहे. पाऊस त्याच्या फोमच्या कातडीत मुरायचा आणि यंत्र थरथरायला लागायचं, मग पुसून कोरडं करून पुन्हा चालू करायचे. तो जनावरासारखा जड वाटतो, कारण तिथे खरंच काहीतरी जड उभं होतं.

आणि त्याच १९९३ मध्ये आपल्याकडे ‘झपाटलेला’ आला. रामदास पाध्यांचा बोलका बाहुला, संगणकाचं नाव नाही. तात्या विंचूला घाबरलेली मुलं आजही भेटतात. बाहुला आहे हे सगळ्यांना दिसतंय, तरी घाबरतात. मग डोळा बदलला असं कसं म्हणायचं?

मध्यंतर

झपाटलेलाचा मुद्दा मान्य. पण तिथे गोष्टच बाहुल्याची आहे, त्यामुळे बाहुल्यासारखं दिसणं सोयीचंच पडतं. काँग बाहुला म्हणून पडद्यावर आलेला नाही.

तिकीटबारी

मला तिघांपेक्षा वेगळं वाटतं. फँटसी आणि थरारपट कसेही तरतील, खरी पडझड विनोदाची होते. संवादावर उभा असलेला विनोद तर फारच लवकर सुकतो. ‘हिज गर्ल फ्रायडे’ (१९४०) बघा. पात्रं एकमेकांचं बोलणं तोडत इतक्या वेगात बोलतात की खालची अक्षरं वाचता वाचता चेहरे बघायचे राहून जातात. मला एकदाही मोकळेपणी हसू आलं नाही. सिनेमा चांगला आहे हे कळत होतं, पण कळणं वेगळं आणि हसणं वेगळं.

शिवाय कोणाला हसायचं हेही बदललंय. जाड माणूस, तोतरा माणूस, बायकोचा मार खाणारा नवरा, असल्या गोष्टींवर बेतलेले प्रसंग आज बघवत नाहीत. तिथे मी काळाची सूट देते आणि पुढे बघते. नाहीतर निम्मा जुना विनोदी सिनेमा टाकून द्यावा लागेल.

रीळ

तिकीटबारी, टाकूच द्या. खरंच सांगतोय. जो प्रसंग बघवत नाही त्याला सूट देऊन आपण कोणाचं भलं करतो?

पण सगळा विनोद सुकतो हे मान्य नाही. जे टिकलेत त्यांच्या पोटात भीती आहे. ‘सम लाइक इट हॉट’ (१९५९) मध्ये दोघं बायकांचे कपडे का घालतात? डोळ्यांदेखत खून पाहिलाय आणि गुंड मागावर आहेत. ‘जाने भी दो यारों’ (१९८३) मध्ये हसून पोट दुखतं, पण मधोमध एक प्रेत आहे आणि शेवट काळजाला चरे पाडतो. ‘सेफ्टी लास्ट’ (१९२३) मध्ये मूकपटांचा विनोदी नट हॅरॉल्ड लॉइड उंच इमारतीच्या घड्याळाचा काटा धरून लोंबकळतो. नायकाचं काहीतरी पणाला लागलेलं असलं की विनोद शंभर वर्षं जातो. नुसत्या कोट्यांवर चालणारा जात नाही.

अंधारखोली

लॉइडचं नाव निघालंच आहे तर एक अडचण मांडते, रीळ यांनी उत्तर द्यावं.

१९१९ मध्ये नकली समजून धरलेला बॉम्ब हातात फुटला आणि लॉइडच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली. घड्याळाचा प्रसंग त्यानंतरचा, हातमोज्यात खोटी बोटं घालून केलेला. किंवा मूकपटांतला दुसरा विनोदी नट बस्टर कीटन घ्या. ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’मध्ये (१९२८) घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते आणि तो बरोबर खिडकीच्या चौकटीतून वाचतो. भिंत खरी होती, काही इंच इकडेतिकडे झालं असतं तर माणूस गेला असता.

हे ऐकलं की आपल्याला धडकी भरते. पण ती सिनेमाने भरवली की माहितीने? माहितीने असेल, तर तुम्हीही काळाची सूटच देताय. ‘तेव्हा ट्रिक नव्हती, खरं केलं’ हे ‘त्या काळाच्या मानाने’चंच दुसरं रूप झालं.

रीळ

चांगला प्रश्न आहे, काल रात्रभर डोक्यात होता.

भिंतीचा प्रसंग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. तरी अंग चोरून घेतलं होतं. कारण भिंत पडल्यावर धूळ उठते, वारा सुटल्यासारखे त्याचे कपडे हलतात, आणि हे सगळं एकाच शॉटमध्ये, मध्ये कुठेही काप नाही. वजन डोळ्याला कळतं. माहिती नंतर आली, तिने फक्त अंग का चोरलं ते सांगितलं. लॉइडच्या बोटांबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. ते पडद्यावर दिसत नाही, त्यामुळे मी ते सिनेमाच्या खात्यात धरणार नाही.

शेवटची रांग

कीटनचा ‘शेरलॉक ज्युनियर’ (१९२४) कोणी पाहिलाय का? पाऊण तासाचा आहे आणि या धाग्यातले तिन्ही प्रकार त्यात एकत्र आहेत. थिएटरात प्रोजेक्टर चालवणारा पोरगा झोपतो आणि स्वप्नात चालत जाऊन पडद्यात शिरतो. तो जागचा हलत नाही, पण मागचं दृश्य बदलत राहतं. समुद्रातल्या खडकावरून पाण्यात सूर मारतो आणि डोकं बर्फात रुततं. दरवेळी कीटनला आधीच्याच जागी बिनचूक उभं करायला मोजणीची उपकरणं वापरली होती. हे मला आज वाचून कळलं. पाहताना मी नुसता तोंड उघडून बघत होतो.

मध्यंतर

पाहिला. रात्री भाचीलाही दाखवला. बर्फाच्या जागी ती ओरडली, ‘परत लाव!’ चार वेळा मागे घेतला.

काँगबद्दल मी जागचा हलत नाही, त्याला सूट लागतेच. पण हा आणि काँग यांच्यामध्ये नऊ वर्षांचं अंतर आहे आणि जुना कीटन आहे. म्हणजे माझा काळाचा हिशोब कुठेतरी चुकतोय हे कबूल.

तिकीटबारी

उलट बाजूनेही बघा ना. ‘अंधाधुन’ (२०१८) मध्ये आंधळा असल्याचं नाटक करणारा नायक पियानो वाजवत बसलाय, आणि मागे नवरा-बायकोच्या घरात प्रेताची विल्हेवाट लावणं चाललंय. मारेकरी शब्दही बोलत नाहीत, नुसत्या खाणाखुणा, आणि तो बघूनही न बघितल्यासारखा वाजवतोय. एकाच वेळी हसू येतं आणि घाम फुटतो. तो अख्खा प्रसंग मूकपट आहे. जुन्यांनी केलेलं काम असं नव्यात चालू असेल, तर जुन्यांना सूट कशाला हवी, हे रीळ यांचं म्हणणं मला आता थोडं पटतंय.

जाड माणसावरचे विनोद मात्र मी टाकणार नाही. ते ठेवून, नापसंती सांगून बघेन.

अंधारखोली

रीळ, भिंतीचं उत्तर पटलं. ‘एम’ आज रात्री लावतेय. त्या शिट्टीबद्दल उद्या लिहिते.